आगगाडीची खिडकी आणि जपानी चित्रकार

आमच्या महाविद्यालयात दरवर्षी विज्ञान-प्रदर्शन भरते. मागे एकदा अकरावीच्या एका विद्यार्थिनीने त्यासाठी एक गमतीदार खोके तयार केले. पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्याला आगगाडीच्या डब्यासारखी खिडकी कापलेली, खिडकीशी बसलेली एक कागदी मुलगी, आणि मागे दोन लाटण्यांवर गुंडाळलेली कागदाची लांबलचक पट्टी. पट्टीवर विजेचे खांब होते, कौलारू घरे होती, भातखाचरे होती आणि सर्वांत मागे बर्फाची टोपी घातलेला डोंगर होता. मुलीला जपानी ॲनिमेशनपटांचे विलक्षण वेड. त्यांतला आगगाडीचा देखावा तिला हुबेहूब उभा करायचा होता. चित्रे तिने फार सुरेख काढली होती; पण लाटणे फिरवू लागल्यावर तिचे तिलाच पटेना. ती मला म्हणाली, "सर, गाडी चालतच नाही. नाटकाचा पडदा ओढल्यासारखं वाटतं."

तिची तक्रार अगदी रास्त होती. आणि ती दूर करण्यासाठी जे भौतिकशास्त्र लागते ते दहावी-अकरावीच्या पलीकडचे नाही. जपानी चित्रकार ते गेली साठ वर्षे पडद्यावर वापरीत आले आहेत.

प्रथम, जपानी चित्रपटांत आगगाड्या इतक्या का येतात ते पाहू. जपानमध्ये पहिली आगगाडी १८७२ साली शिम्बाशी ते योकोहामा या मार्गावर सुरू झाली; म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीनंतर १९ वर्षांनी. त्यानंतर मात्र त्या डोंगराळ देशात रुळांचे जाळे फार दाट पसरले. १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो ते शिन-ओसाका अशी ताशी २१० किलोमीटर वेगाने धावणारी शिंकानसेन सुरू झाली, आणि दुसरीकडे दोन-दोन डब्यांच्या लहान गाड्या खेड्यापाड्यांतून शाळकरी मुलांची ने-आण करीत राहिल्या. जपानी मुलाच्या आठवणीत शाळेची वाट म्हणजे पुष्कळदा फलाट, फाटक आणि खिडकी. तेव्हा गोष्टींतही त्या येणारच.

केन्जी मियाझावा (१८९६-१९३३) या लेखकाने आकाशगंगेतून धावणाऱ्या आगगाडीची एक कथा लिहिली. ती त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली आणि १९८५ साली गिसाबुरो सुगी यांनी तिच्यावर चित्रपट काढला. त्यात बहुतेक पात्रे मांजरांच्या रूपात आहेत. त्याआधी, १९७८ पासून, लेइजी मात्सुमोतो यांच्या चित्रकथेवरील 'गिंगा तेत्सुदो ९९९' ही मालिका दूरचित्रवाणीवर गाजत होती. तिच्यातली अंतराळगाडी बाहेरून थेट सी-६२ जातीच्या वाफेच्या एंजिनासारखी दिसते. अंतराळात हवा नाही, मग कोळसा जळतो कसा, असे कोणी विचारू नये! पुढे हायाओ मियाझाकी आणि माकोतो शिन्काई यांच्या चित्रपटांत आगगाड्या वारंवार आल्या, आणि प्रत्येकाने त्यांच्याकडून वेगळे काम करून घेतले.

या आवडीमागे आणखी एक कारण आहे, आणि ते काटकसरीचे आहे. चित्रपटात दर सेकंदाला २४ चौकटी डोळ्यांपुढून जातात. २५ मिनिटांच्या एका भागात २४ × ६० × २५, म्हणजे ३६,००० चौकटी झाल्या. प्रत्येक चौकटीसाठी नवे चित्र काढायचे तर दर आठवड्याला एक भाग तयार करणे केवळ अशक्य. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामु तेझुका यांची 'तेत्सुवान आतोमु' ही मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. तिच्यात हालचालीचे एकच चित्र सलग तीन चौकटी दाखवायचे, म्हणजे सेकंदाला आठच चित्रे काढायची, अशी रीत सर्रास वापरली गेली. शिवाय पात्र बोलत असेल तर नुसते ओठ हलवायचे, बाकी चेहरा तोच ठेवायचा.

आता आगगाडीत बसलेल्या मुलीचा विचार करा. ती स्वस्थ बसलेली असते. तिचे एकच चित्र पारदर्शक सेल्युलॉइडवर रंगवले की पुरे. तिच्या मागे लांब पट्टीवर रंगवलेला देखावा कॅमेऱ्याखाली चौकटीगणिक थोडाथोडा सरकवला की झाले. आणि हे सरकवणे प्रत्येक चौकटीला करता येत असल्यामुळे गती अगदी सफाईदार दिसते. एवढ्या थोड्या श्रमांत एवढी मोठी हालचाल दुसऱ्या कोणत्या प्रसंगात मिळेल? माझ्या मते आगगाडीची खिडकी ही या कलेला मिळालेली देणगीच आहे. आता पट्टीची जागा संगणकाने घेतली आहे, पण हिशेब बदललेला नाही.

मग आमच्या विद्यार्थिनीच्या पट्टीत काय चुकले? तिने खांब, घरे आणि डोंगर एकाच कागदावर काढले होते. कागद सरकला की तिन्ही एकाच वेगाने सरकत. प्रत्यक्षात तसे कधी होत नाही.

समजा, गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला २० मीटर धावत आहे. खिडकीच्या अगदी समोर आलेल्या वस्तूचा कोनीय वेग काढणे सोपे आहे: गाडीच्या वेगाला वस्तूच्या अंतराने भागा. रुळांजवळचा खांब ४ मीटरवर असेल तर २० ÷ ४ = ५ रेडियन प्रतिसेकंद. घर ४० मीटरवर असेल तर ०.५ रेडियन. डोंगर ४ किलोमीटरवर असेल तर ०.००५ रेडियन, म्हणजे एक तृतीयांश अंशाहूनही कमी. खांब आणि डोंगर यांच्या कोनीय वेगांत हजारपटीचा फरक आहे! वस्तूंच्या या कमीजास्त सरकण्याला पराशय म्हणतात, आणि आपला मेंदू त्यावरूनच कोणती वस्तू किती दूर आहे हे ओळखतो. सगळ्याच वस्तू सारख्या सरकल्या की मेंदू निष्कर्ष काढतो, 'या सर्व एकाच अंतरावर आहेत. म्हणजे हा पडदा आहे.' मुलीला नेमके तेच जाणवले होते.

चंद्राचा हिशेबही करून पाहा. तो सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. तासाभरात गाडी ७२ किलोमीटर गेली तरी या प्रवासामुळे चंद्राची दिशा एका अंशाच्या शंभराव्या भागाइतकी बदलते. चंद्रबिंबाच्या रुंदीचा हा जेमतेम पन्नासावा भाग झाला. चांदोबा गाडीबरोबर धावतो असे लहानपणी वाटते ते यामुळेच. खांब, झाडे, घरे सगळी मागे पडतात आणि हा मात्र जागचा हलत नाही. तेव्हा तो आपल्याबरोबरच येत असला पाहिजे! (पृथ्वीच्या भ्रमणामुळे चंद्र तासाभरात आकाशात बराच पुढे सरकतो, पण त्यात गाडीचा काही संबंध नाही.)

खिडकीत बसून आणखी एक गंमत पाहता येते. मधल्या अंतरावरच्या एखाद्या घरावर नजर खिळवा आणि मान वळवत त्याच्याकडेच पाहत राहा. अलीकडचे खांब उलट दिशेला पळतील, पण पलीकडचा डोंगर तुमच्याबरोबर पुढे निघालेला दिसेल. घराचा ०.५ रेडियन हा कोनीय वेग सर्वांतून वजा करा. खांबाचा ४.५ उरतो, डोंगराचा उणे ०.४९५. उणे चिन्ह म्हणजे उलट दिशा. सगळा देखावा त्या घराभोवती गरगर फिरतो आहे असा भास होतो तो या वजाबाकीमुळे.

चित्रपटाच्या भाषेत हे कसे उतरवतात? समजा, पडद्यावर ६० अंशांचा देखावा दिसतो. ४ मीटर अंतरावर या कोनात सुमारे ४.६ मीटर रुंदीचा भाग मावतो. सेकंदाला २० मीटर वेगाने तेवढे अंतर ओलांडायला ०.२३ सेकंद, म्हणजे साडेपाच चौकटी लागतात. घराला त्याच्या दहापट, म्हणजे ५५ चौकटी. आणि डोंगराला? २३० सेकंद, जवळजवळ चार मिनिटे. पडद्यावरचे एक दृश्य सहसा पाच-दहा सेकंदांहून जास्त टिकत नाही. पाच सेकंदांत डोंगर पडद्याच्या रुंदीच्या सेहेचाळिसाव्या भागाइतकाच हलेल. चित्रकार तो सरळ स्थिर ठेवतो आणि कोणाला काही खटकत नाही.

म्हणून देखावा एका पट्टीवर न काढता निरनिराळ्या थरांवर काढायचा आणि प्रत्येक थर वेगळ्या वेगाने सरकवायचा. डिस्नेच्या कलागृहाने काचांचे थर एकमेकांपासून अंतरावर ठेवून वरून छायाचित्रे घेणारा मोठा कॅमेरा बनवला होता. १९३७ च्या 'द ओल्ड मिल' या लघुपटात त्याचा उपयोग झाला. आगगाडीच्या खिडकीला मात्र एवढा खर्च लागत नाही. तीन पट्ट्यांचे तीन वेग नीट ठरवले की पुरते.

खांबाचा प्रश्न जरा अवघड आहे. खांब साडेपाच चौकटींत पडदा ओलांडतो, म्हणजे दोन चौकटींमध्ये तो ८३ सेंटिमीटर उडी मारतो. तो रेखीव काढला तर धावणारा एक खांब न दिसता पाच-सहा खांब उड्या मारताना दिसतात. खऱ्या कॅमेऱ्यात हा दोष झाकला जातो, कारण झडप साधारण १/४८ सेकंद उघडी असते आणि तेवढ्यात खांब सुमारे ४२ सेंटिमीटर सरकून फिल्मवर त्याचा पुसट पट्टा उमटतो. रेखाचित्राला झडप नसते. तेव्हा चित्रकाराने तो पुसटपणा हाताने रंगवायचा! चांगल्या चित्रपटात खांब जाताना चौकट थांबवून पाहा. तिथे खांब नसतो, करड्या रंगाचा एक फराटा असतो.

रुळांवरच्या विजेच्या तारांचे खांब साधारण ५० मीटर अंतराने असतात. म्हणजे आपल्या गाडीच्या वेगाने दर अडीच सेकंदाला एक फराटा यायला हवा. दोन खांबांमधल्या तारेला झोल असतो, त्यामुळे खिडकीतून ती तार लाटेसारखी खाली उतरते, वर चढते आणि खांब जाताच पुन्हा उतरू लागते. जपानी चित्रपटांत या तारांवर इतके प्रेम केलेले आढळते की कधीकधी आकाशापेक्षा ताराच जास्त दिसतात. गाडीला वीज देणारी खालची तार मात्र झोल न देता जवळजवळ सपाट ठेवावी लागते, नाहीतर गाडीच्या टपावरचा पँटोग्राफ तिच्यापासून सुटेल. म्हणून वरच्या झोलदार तारेला लहानमोठ्या उभ्या तारा बांधून खालची तार टांगलेली असते. हा तपशील जपानी चित्रकार सहसा चुकवत नाहीत.

वेगाची जाणीव जवळच्या वस्तूंवरून होते, हे ओळखून मियाझाकींनी त्याचा उलटा उपयोग केला आहे. २००१ च्या 'स्पिरिटेड अवे' या चित्रपटात लहानगी चिहिरो एका गाडीने जाते. रूळ उथळ पाण्याखाली बुडालेले आहेत, भोवती बहुतेक वेळ नुसते पाणी आणि आकाश. जवळ फारसे काही नाही. जे आहे ते दूर आहे. गाडी धावत असूनही देखावा संथ वाटतो. ही गाडी एकाच दिशेने जाते, परतीची गाडी आता येत नाही, असे तिला आधीच सांगितलेले आहे. त्या संथपणाने मनात जी हुरहुर दाटते तिच्यामागे भागाकारातला मोठा छेद आहे असे म्हटले तर रसिक मला क्षमा करोत!

शिन्काई यांच्या २०१६ च्या 'किमी नो ना वा'मध्ये सापेक्ष गतीचा सुंदर नमुना आहे. एकमेकांना शोधणारे दोन जीव शेजारशेजारच्या रुळांवरून जाणाऱ्या दोन गाड्यांत समोरासमोर येतात. समजा, एका गाडीचा वेग ताशी ७२ किलोमीटर आणि दुसरीचा, त्याच दिशेने, ६६. मागचे शहर झपाट्याने पळत असते, पण समोरच्या काचेतला चेहरा ताशी फक्त ६ किलोमीटरने, म्हणजे चालत्या माणसाच्या वेगाने सरकतो. २० मीटरचा डबा पुढे निघून जायला १२ सेकंद लागतात. ओळख पटायला तेवढा वेळ पुरतो, हाक मारायला पुरत नाही. (नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच ताऱ्यांचे आहे, हे आर्यभटाने पंधराशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे, खिडकीच्या विज्ञानाचा आरंभ तिथपर्यंत मागे नेता येईल.)

त्यांच्याच २००७ च्या चित्रपटाचे नाव 'सेकंदाला पाच सेंटिमीटर' असे आहे. चेरीची पाकळी या वेगाने गळते, असे त्यातली मुलगी सांगते. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला इथे गप्प बसवत नाही. सेकंदाला पाच सेंटिमीटर म्हणजे दोन मीटर उंचीवरून जमिनीवर यायला ४० सेकंद! पाकळीचे वजन आणि हवेचा विरोध समान झाले की पाकळी एका ठरावीक वेगाने पडत राहते. याला अंतिम वेग म्हणतात. दीड चौरस सेंटिमीटरची, एक शतांश ग्रॅमची पाकळी धरून मी हिशेब केला तर हा वेग सेकंदाला सुमारे एक मीटर निघतो, म्हणजे वीसपट. तुम्ही बोगनवेलीची कागदासारखी पाकळी दारावरून सोडून पाहा. दोन-तीन सेकंदांत ती खाली येईल. नाव मात्र चांगले आहे, ते बदला असे मी म्हणणार नाही.

याच चित्रपटात हिमवर्षावात खोळंबलेल्या गाडीचा प्रवास आहे. टोकियोतला शाळकरी मुलगा इवाफुने नावाच्या लहान स्थानकावर मैत्रिणीला भेटायला निघतो. सातची भेट ठरलेली, पण गाडी मध्येच थांबत थांबत अकरानंतर पोचते. इथे चित्रकाराने खिडकीबाहेरची हालचालच काढून घेतली आहे. शेवटी मोठेपणी तो एका रेल्वे फाटकात एका स्त्रीच्या बाजूने जातो, दोघेही वळून पाहणार इतक्यात मध्ये गाड्या येतात. २० मीटरचे दहा डबे म्हणजे २०० मीटर. आपल्या वेगाने एक गाडी जायला दहा सेकंद. त्या दहा-दहा सेकंदांत प्रेक्षकाचा श्वास अडकतो. गाड्या जातात तेव्हा पलीकडे कोणी नसते.

जपानी फाटकांवर गाडी येताना घंटा वाजत राहते. गाडीत बसून ती ऐकली तर फाटक ओलांडताच तिचा स्वर उतरतो. हा डॉप्लर परिणाम. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर फाटकाकडे जाताना ऐकू येणारी वारंवारता ३६०/३४० पट आणि दूर जाताना ३२०/३४० पट होते. दोहोंचे गुणोत्तर ३६०/३२०, म्हणजे ९/८. संगीत शिकणाऱ्यांनी हे गुणोत्तर ओळखले असेल: षड्ज आणि शुद्ध रिषभ यांमधले हेच अंतर. ताशी ७२ किलोमीटरने जाणाऱ्या प्रवाशाला फाटक 'रे' वरून 'सा' वर आणून सोडते.

आणि रुळांचा ठेका? जपानी भाषेत त्याला 'गातान-गोतोन' म्हणतात. तिथल्या रुळाची प्रमाण लांबी २५ मीटर असते. दीड मिनिटात सांध्यांचे जितके ठोके मोजाल तितका गाडीचा वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. का, ते तुम्हीच गुणाकार करून पाहा. आपल्याकडच्या जुन्या १३ मीटरच्या रुळांसाठी दीड मिनिटाऐवजी ४७ सेकंद घ्यावे लागतील. आता रूळ एकमेकांना जोडून टाकल्यामुळे हा ठेका तिथेही आणि इथेही पुष्कळ ठिकाणी बंद झाला आहे, पण चित्रपटांतल्या गाड्या अजून तो धरून आहेत.

आता पुन्हा आमच्या खोक्याकडे. खिडकी ४६ सेंटिमीटर रुंद होती. वरच्या हिशेबाने खांब सेकंदाला दोन मीटर, घरे २० सेंटिमीटर आणि डोंगर दोन मिलिमीटर वेगाने सरकायला हवेत. डोंगर आम्ही मागच्या पुठ्ठ्यावर कायमचा चिकटवला. घरांची पट्टी लाटण्यांवर राहिली. खांबांची पट्टी करणे शक्यच नव्हते, कारण दोन खांबांत पाच मीटर कागद लागला असता! तेव्हा तिची मैत्रीण खोक्याआड बसून मनात अडीच सेकंद मोजी आणि काठीला लावलेला करड्या पातळ कागदाचा तुकडा खिडकीमागून झर्रकन नेई. दुपारपर्यंत तिचा हात भरून आला. पण गाडी चालू लागली होती.

प्रदर्शनात सातवीतल्या एका मुलाने बराच वेळ खोक्याकडे पाहून विचारले, "रात्री खिडकीत बाहेरचं का दिसत नाही? आपलंच तोंड दिसतं." काचेचा प्रत्येक पृष्ठभाग त्यावर पडणारा सुमारे चार टक्के प्रकाश परत पाठवतो, दोन पृष्ठभागांचे मिळून आठ टक्के. दिवसाही तेवढाच परत येतो, पण बाहेरून येणाऱ्या प्रखर उजेडात तो लोपतो. रात्री किंवा बोगद्यात बाहेर काळोख झाला की तेवढेच उरते, आणि खिडकीचा आरसा होतो. मुलीने लगेच खोक्याच्या खिडकीला काच लावली, कागदी मुलीच्या डोक्यावर विजेरीचा छोटा दिवा टांगला आणि घरांच्या पट्टीपुढे काळे कापड सोडले. काचेत कागदी मुलीचा चेहरा उमटला. कापड वर घेतले, डोंगरावर उजेड पडला, की चेहरा नाहीसा होई. तो मुलगा पुढचा अर्धा तास कापड वर-खाली करीत तिथेच उभा होता.